तीनशे पौंडांचा हिशेब कुणाच्या नावावर?

शनिवारी रात्री आपल्याकडे जेवणं उरकून निजानीज होत असते, तेव्हा अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचे दुपारचे सामने सुरू होतात. संघांची ओळख करून देताना समालोचक एक आकडा हमखास सांगतो: आघाडीच्या पाच जणांचं सरासरी वजन. मोठ्या विद्यापीठांच्या संघांत हा आकडा आता तीनशे पौंडांच्या खाली क्वचितच असतो. म्हणजे १३६ किलो, आणि तेही अठरा ते बावीस वर्षांच्या मुलांचं. त्यावरून दर हंगामात तोच वाद नव्याने पेटतो. एका बाजूचे म्हणतात, ही लठ्ठ पोरं कसली खेळाडू? दुसऱ्या बाजूचे उसळून म्हणतात, एकदा त्यांच्यासमोर उभे राहा, मग बोला. वर्षानुवर्षं हीच जुगलबंदी चालली आहे आणि दोन्ही पक्ष भलत्याच प्रश्नावर भांडत आहेत. तो मुलगा खेळाडू आहे की नाही, हा मुद्दाच नाही. हे वजन निसर्गाने दिलेलं नाही आणि त्याने हौसेने चढवलेलंही नाही. खेळाच्या नियमांनी ते मागितलं आणि विद्यापीठांनी पदरचे पैसे घालून ते घडवलं. तेव्हा ते उतरवायची जबाबदारीही विद्यापीठांचीच, आणि त्यापायी पुढे जे आजारपण येईल त्याचीही, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. अमेरिकी फुटबॉलमध्ये चढाई करणाऱ्या संघाच्या अकरा जणांपैकी पाच जण ‘ऑफेन्सिव्ह लाइनमन’ असतात. मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. मागे उभा असलेला क्वार्टरबॅक चेंडू फेकतो आणि त्याचं नाव होतं. या पाच जणांचं काम एकच, समोरून धावून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंत पोचू न देणं, किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्यासाठी गर्दीत वाट फोडणं. एरवी पुढे फेकलेला पास झेलायची परवानगीही त्यांना नियमाने नाही. गुणफलकावर त्यांचं नाव येत नाही. निवेदक त्यांचं नाव घेतो ते बहुधा पंचाने त्यांच्याविरुद्ध शिट्टी वाजवली म्हणून. एक हात जमिनीला टेकवून, गुडघे वाकवून ते बसतात, चेंडू हलला की पहिलं पाऊल मागे आणि तिरकं टाकतात, दोन्ही तळवे समोरच्याच्या छातीवर रोवतात आणि तीन-चार सेकंद त्याला तिथेच थोपवतात. एका सामन्यात हे साठ-सत्तर वेळा. कुणी ही कुस्ती पाच मिनिटं जवळून पाहिली, तर ‘लठ्ठ पोरं’ हा शब्द पुन्हा तोंडातून निघणार नाही. एवढ्या मोठ्या देहाने इतकं नेमकं पाऊल टाकणं हे कसब आहे आणि ते कमवायला वर्षं लागतात. पहिल्या बाजूला माझं एवढंच उत्तर आहे, तिच्यावर यापेक्षा जास्त शाई खर्च करायची गरज नाही.

दुसरी बाजू जास्त तगडी आहे. तिचं म्हणणं असं की ‘बॉडी मास इंडेक्स’ (बीएमआय) या उंचीच्या मानाने वजन जोखणाऱ्या आकड्याला स्नायू आणि चरबी यांतला फरक कळत नाही. सहा फूट चार इंच उंच आणि तीनशे पाच पौंडांचा मुलगा त्या तक्त्यात ३७ वर जातो, म्हणजे डॉक्टरी भाषेत दुसऱ्या दर्जाचा स्थूल ठरतो. पण त्याच मुलाच्या अंगावर शंभर किलोच्या आसपास चरबीविरहित वस्तुमान असतं आणि तो आपल्यातल्या सडपातळ माणसाच्या दुप्पट वजन खांद्यावर घेऊन उठतो. हे खरंच आहे. पण अर्धंच. याच मुलांच्या शरीरातल्या चरबीचं प्रमाण मोजलं तर ते साधारण पंचवीस टक्क्यांच्या आसपास निघतं, त्याच संघातल्या धावणाऱ्या खेळाडूंच्या दुपटीहून जास्त. कारण उघड आहे. समोरचा माणूस छातीवर आदळतो तेव्हा जागेवरून न हलण्यासाठी वजन लागतं, आणि ते वजन स्नायूंचं आहे की चरबीचं, याची धक्क्याला पर्वा नसते. स्नायू चढवायला वेळ आणि घाम लागतो. चरबी ताटातून येते. चार वर्षांत जागा पटकवायची असेल तर दोन्ही चढवली जातात.

मग हे असंच चालत आलं आहे का? पज हेफलफिंगर हा येल विद्यापीठाचा गार्ड १८८८ ते १८९१ या काळात खेळला. त्या काळी तो राक्षस गणला जायचा, आणि वजन होतं दोनशे पौंडांच्या आसपास. आज त्या वजनाचा मुलगा लाइनवर उभा राहायला गेला, तर प्रशिक्षक त्याला प्रेमाने खांद्यावर हात ठेवून दुसरीकडे पाठवतील. मधल्या काळात काय झालं? अमेरिकी माणूस जाड झाला, हे मान्य. पण शंभर वर्षांत त्याची उंची दोन-चार इंचांनी वाढली असेल, आणि लाइनमनचं वजन मात्र दीडपट झालं. निसर्ग इतक्या घाईने काम करत नाही. नियम करतात.

थोडं इतिहासात डोकावू. १८९२ मध्ये हार्वर्डने ‘फ्लाइंग वेज’ नावाची रचना मैदानात आणली. सगळ्यांनी पाचरीसारखी मांडणी करून पळत यायचं आणि समोरच्या एकट्यावर आदळायचं. दोनच वर्षांत ती बंद करावी लागली. १९०५ पर्यंत मैदानावरची हिंसा इतकी वाढली होती की खुद्द राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी हार्वर्ड, येल आणि प्रिन्स्टनच्या मंडळींना व्हाइट हाउसमध्ये बोलावून घेतलं. त्या गदारोळातूनच पुढे एनसीएए म्हणून ओळखली जाणारी, कॉलेजच्या खेळांचे नियम ठरवणारी संघटना जन्मली आणि १९०६ मध्ये पुढे पास फेकायला परवानगी मिळाली. त्या वेळीही ‘खेळ मर्दांचा आहे, नियम बदलले तर खेळच संपेल’ असं म्हणणारे कमी नव्हते. खेळ संपला नाही. दुसरं उदाहरण अधिक बोलकं आहे. १९५३ पासून साधारण दशकभर एनसीएएने मनसोक्त खेळाडू बदलण्यावर बंदी घातली होती. चढाई करणाऱ्यालाच बचावालाही उभं राहावं लागे. दोन्हीकडे धावायचं तर तीनशे पौंड घेऊन कोण धावणार? त्या नियमांत घडलेल्या पिढीचे अलाबामाचे प्रशिक्षक बेअर ब्रायंट लहानखुऱ्या, चपळ लाइनमनसाठी प्रसिद्ध होते, आणि त्यांनी १९६१, १९६४ आणि १९६५ अशी तीन राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. १९६६ च्या ‘ऑरेंज बाउल’ या हंगामाअखेरच्या मानाच्या सामन्यात त्यांच्या या चपळ पोरांनी धिप्पाड नेब्रास्काला ३९-२८ असं हरवलं. पण तोवर खेळाडू बदलण्याची मुभा परत आली होती. आता एक मुलगा फक्त चढाईपुरता, सहा-सात सेकंद जोर लावून पुन्हा श्वास घ्यायला मोकळा. पुढे हात पसरून, तळवे उघडे ठेवून अडवायलाही परवानगी मिळाली, एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये १९७८ साली आणि कॉलेजांतही यथावकाश. लांब हातांच्या भारी देहाला यापेक्षा काय हवं?

हरलेल्या नेब्रास्काने जो धडा घेतला तो पुढे अख्ख्या देशाने गिरवला. १९६९ मध्ये त्या विद्यापीठाने बॉइड एप्ली नावाच्या माणसाला केवळ ताकद वाढवण्याच्या कामासाठी पगारावर ठेवलं. वजनं उचलल्याने खेळाडू जड आणि संथ होतो, अशी तोवरची समजूत होती. ती गेली आणि घराघरांत नव्हे तरी कॉलेजाकॉलेजांत जिम उभ्या राहिल्या. १९८० च्या दशकात त्यात स्टेरॉइड घुसलं. मिशिगन स्टेटचा टोनी मँडरिच हा तीनशे पौंडांवरचा टॅकल १९८९ मध्ये ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या वार्षिक खेळाडू-निवडीत, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला, मासिकांच्या मुखपृष्ठांवर झळकला, आणि खूप वर्षांनी त्याने स्टेरॉइड घेतल्याची कबुली दिली. स्टेरॉइडच्या चाचण्या आल्या. ताटाला मात्र चाचणी नव्हती. उलट एनसीएएने २०१४ मध्ये खेळाडूंना विद्यापीठाने हवं तितकं जेवण-खाणं द्यावं, अशी मुभा दिली. निर्णय चांगलाच होता. उपाशी झोपणाऱ्या मुलांची तक्रार खरी होती. पण लाइनमनच्या बाबतीत त्याचा अर्थ काय झाला? आहारतज्ज्ञ, रात्रीचं चौथं जेवण, झोपण्याआधीचा शेक, आणि दर आठवड्याला काट्यावर उभं राहून आकडा वाढला की पाठीवर थाप.

लेन जॉन्सनचं उदाहरण घ्या. टेक्ससमधल्या शाळेत आणि नंतर किलगोर कॉलेजात हा मुलगा क्वार्टरबॅक होता, अंगाने सडसडीत. ओक्लाहोमा विद्यापीठात त्याची जागा बदलत गेली, बदलता बदलता तो टॅकल झाला, आणि २०१३ मध्ये एनएफएलने त्याला चौथ्या क्रमांकावर निवडलं तेव्हा तो तीनशे पौंडांच्या पलीकडे होता. त्याचं सोनं झालं, आनंद आहे. पण तो अपवाद आहे. एनसीएएच्याच आकडेवारीनुसार ड्राफ्टला पात्र ठरणाऱ्या कॉलेज खेळाडूंपैकी जेमतेम १.६ टक्के निवडले जातात. उरलेले अठ्ठ्याण्णव टक्के पदवी घेतात, कुठे विमा कंपनीत, कुठे शाळेत नोकरीला लागतात. त्यांचा सराव एका दिवसात थांबतो. भूक थांबत नाही. तालमीतला कुठलाही जाणता वस्ताद पोराला सांगेल की जोर-बैठका सुटल्या की खुराकही सुटला पाहिजे, नाहीतर तेच दूध-बदाम अंगावर उठतात. तिथे वस्ताद निदान गावातच असतो, रस्त्यात दिसला तरी कान पकडतो. इथे शेवटचा सामना संपला की पुढच्या मुलाची भरती सुरू.

‘पण त्याने स्वतःहून निवडलं ना?’ हा प्रश्न नेहमी येतो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. मोठ्या अंगाच्या मुलाला शाळेत चिडवलं जातं. फुटबॉल हा बहुधा एकमेव खेळ आहे, जो त्याला म्हणतो की तू जसा आहेस तसा आम्हाला हवास. सामोआ आणि टोंगाच्या कुटुंबांतली कितीतरी मुलं या जागेमुळे कॉलेजची पायरी चढली. घरात आधी कुणी पदवीधर नसलेल्या मुलाला मिळालेली पूर्ण शिष्यवृत्ती ही थट्टेची गोष्ट नाही, आणि ही जागाच बंद करा म्हणणाऱ्या सुखवस्तू टीकाकारांशी माझं जमणार नाही. पण अठराव्या वर्षी, काट्यावर वीस पौंड कमी भरले तर बाकावर बसावं लागेल हे ठाऊक असताना केलेली निवड कितपत मोकळी म्हणायची? ज्याच्या हातात जागा आहे, तोच किती खायचं ते सांगतो. त्याला निवड म्हणायचं तर नोकरीतल्या प्रत्येक जाचाला निवडच म्हणावं लागेल.

या देहाची किंमत कधीकधी लगेच मोजावी लागते. मे २०१८ मध्ये मेरीलँड विद्यापीठात एकशे दहा यार्डांच्या दहा दौडी चालू होत्या. जॉर्डन मॅकनेअर हा एकोणीस वर्षांचा, तीनशे पौंडांवरचा लाइनमन शेवटच्या दौडींत कोसळू लागला. भारी शरीर आत खूप उष्णता तयार करतं आणि ती बाहेर टाकायला वस्तुमानाच्या मानाने त्वचा कमी पडते, हे शाळेतलं विज्ञान आहे. अशा वेळी थंड पाण्याच्या टबात बसवलं तर जीव वाचतो, हेही खेळांच्या डॉक्टरांना पक्कं माहीत असतं. त्याला टबात ठेवलं गेलं नाही. रुग्णवाहिका त्याला घेऊन निघेपर्यंत तास उलटून गेला होता. पंधरा दिवसांनी तो गेला. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी नंतर कायदेशीर आणि नैतिक जबाबदारी स्वीकारली. २००१ मध्ये एनएफएलच्या मिनेसोटा संघाचा कोरी स्ट्रिंगर हा लाइनमनही असाच उन्हाने गेला होता. म्हणजे सतरा वर्षं धडा समोर होता.

पण असे मृत्यू विरळ असतात, आणि त्यांच्यावरच सगळा युक्तिवाद उभा करणं बरोबर नाही. दीर्घकाळाचं काय? इथे विरोधकांकडे हुकमाचं पान आहे आणि ते त्यांनी जरूर टाकावं. अमेरिकी सरकारच्या ‘नायोश’ या संस्थेने २०१२ मध्ये १९५९ ते १९८८ या काळातल्या ३,४३९ एनएफएल खेळाडूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. सर्वसाधारण पुरुषांच्या हिशेबाने त्यांच्यात ६२५ मृत्यू व्हायला हवे होते, प्रत्यक्षात ३३४ झाले. खेळाडू जास्त जगतात! हृदयविकाराने जाण्याचा धोका ठळकपणे जास्त दिसला तो बचावाच्या लाइनमनमध्ये. आपल्या चढाईवाल्यांत तसा दिसला नाही. पण याच अभ्यासात खेळत असताना ज्यांचा बीएमआय तीसच्या वर होता, त्यांचा हृदयविकाराने मरण्याचा धोका इतर खेळाडूंच्या दुप्पट निघाला. आणि मुख्य म्हणजे ही माणसं कोणत्या काळातली? १९८० मध्ये अख्ख्या एनएफएलमध्ये तीनशे पौंडांचे खेळाडू बोटांवर मोजण्याइतके होते. आज त्याहून जास्त एकाच कॉलेजच्या संघात सापडतात. तेव्हाच्या देहांचा दाखला आजच्या देहांना कसा लागू करणार? शिवाय ती सगळी व्यावसायिक मंडळी, पाच-पाच हंगाम टिकलेली. कॉलेजात खेळून घरी गेलेल्याची नोंद ठेवतो कोण? हार्वर्डच्या हृदयतज्ज्ञांनी कॉलेजात नव्याने आलेल्या खेळाडूंना एका हंगामाच्या आधी आणि नंतर तपासलं आणि २०१३ मध्ये निष्कर्ष मांडले. एवढ्याशा काळात रक्तदाब वाढला होता, आणि लाइनमनच्या हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत जाड होऊ लागली होती. हे पहिल्या वर्षाच्या मुलांचं चित्र आहे.

मग वजनाला मर्यादा घालावी का? ही सूचना दरवर्षी कुणीतरी करतो आणि ती दिसते तितकी वेडगळ नाही. याच कॉलेजांत, याच एनसीएएच्या कुस्तीत सर्वांत वरच्या गटाला २८५ पौंडांची मर्यादा आहे. त्याच जिममध्ये घाम गाळणारा मल्ल २८६ भरला तर बाहेर, आणि शेजारचा लाइनमन ३३० भरला तर शाबासकी! वजनाची मर्यादा असलेलं कॉलेज फुटबॉलही १९३४ पासून चालू आहे. त्याला स्प्रिंट फुटबॉल म्हणतात, मर्यादा १७८ पौंड, आणि वेस्ट पॉइंट, ॲनापोलिससारख्या लष्करी संस्था ते अभिमानाने खेळतात. पण माझा या उपायाला विरोध आहे, आणि कारण कुस्तीतलंच आहे. १९९७ च्या अखेरीस काही आठवड्यांत तीन कॉलेज मल्ल वजन उतरवता उतरवता मेले. रबरी सूट घालून, गरम खोलीत, पाणी न पिता. मर्यादा घातली की तिच्याभोवती चोरवाटा तयार होतात. लाइनमनना २९० चा आकडा दिला, तर शुक्रवारी रात्री तीनशेची मुलं घामाने वाळवली जातील आणि शनिवारी उन्हात उभी केली जातील. मात्र त्या तीन मृत्यूंनंतर एनसीएएने काय केलं तेही बघायला हवं. काही आठवड्यांतच रबरी सूट आणि वाफेच्या खोल्यांवर बंदी आली, वजन सामन्याच्या तोंडावर घ्यायचं ठरलं, आणि पुढे प्रत्येकाचं किमान वजन आधीच नक्की करायची पद्धत सुरू झाली. खेळाडूच्या देहात आम्ही लक्ष घालत नाही, हे म्हणणं तेव्हाच निकालात निघालं.

मला हवा असलेला बदल यापेक्षा साधा आहे. ऑगस्ट २०२४ पासून पहिल्या श्रेणीच्या विद्यापीठांना खेळाडू बाहेर पडल्यावर दोन वर्षं खेळामुळे झालेल्या दुखापतींचा उपचार पुरवावा लागतो. गुडघा गेला, खांदा गेला, तर ती दुखापत. मुद्दाम चढवलेले साठ पौंड, त्यांच्याबरोबर आलेला रक्तदाब, झोपेत अडकणारा श्वास, या गोष्टी ‘दुखापत’ या सदरात बसवायची कुणाची तयारी नाही. मुंबईच्या गिरणगावाने हा न्याय फार पूर्वी पाहिला आहे. मशीनच्या पट्ट्यात हात सापडला की तो अपघात, भरपाईला पात्र. पण कार्डिंग खात्यात वर्षानुवर्षं कापसाची धूळ छातीत साचली, तर तो कामगाराचा घरचा दमा! बिसिनोसिस या नावाने त्या आजाराला कायद्याच्या यादीत जागा मिळेपर्यंत किती जण खोकत गावी परत गेले, त्याचा हिशेब कुणाकडेच नाही. एका क्षणात झालेली इजा डोळ्यांना दिसते. रोज थोडी थोडी, मालकाच्या सांगण्यावरून झालेली इजा मात्र माणसाच्या सवयींच्या खात्यावर टाकली जाते. लाइनमन कोणत्या वजनाने आला आणि कोणत्या वजनाने गेला, हे आकडे विद्यापीठाच्या कागदांत आधीच आहेत. त्या दोन आकड्यांमधला फरक हा संस्थेने केलेला बदल मानावा, आणि त्या दोन वर्षांत आहार, तपासण्या, झोपेचा उपचार, हे सगळं देणं बंधनकारक करावं.

खर्चाचं रडगाणं कुणी गाऊ नये. जून २०२५ मध्ये न्यायालयाने मान्य केलेल्या तडजोडीनंतर एकेक विद्यापीठ वर्षाला सुमारे दोन कोटी डॉलर खेळाडूंना थेट वाटू शकतं. एका संघात लाइनमन असतात पंधरा-वीस, आणि दरवर्षी बाहेर पडतात चार-पाच. जो थॉमससारखा विस्कॉन्सिनमधून आलेला, एनएफएल गाजवलेला टॅकल निवृत्तीनंतर काही महिन्यांत पन्नासेक पौंड उतरवतो, कारण त्याच्याकडे पैसा आहे आणि वेळही. ज्याच्याकडे यातलं काही नाही, त्याच्यासाठी चार-पाच जणांचा आहारतज्ज्ञ परवडत नाही म्हणणं ऐकवत नाही.

हे जमत नाही असं म्हणणाऱ्यांनी वेस्ट पॉइंटकडे बघावं. तिथला लाइनमन पदवीनंतर लष्करी अधिकारी होतो, म्हणून त्याला लष्कराच्या वजनाच्या निकषात बसावंच लागतं. शेवटचा सामना झाला की काही महिन्यांत, देखरेखीखाली, तो कित्येक किलो उतरवतो. आणि हे करून वेस्ट पॉइंटचा संघ, म्हणजे ‘आर्मी’, दुबळा झाला म्हणावं, तर २०१८ मध्ये त्याने बलाढ्य ओक्लाहोमाला जादा वेळेपर्यंत झुंजवलं, आणि २०२४ च्या हंगामात देशातल्या सर्वोत्तम लाइनसाठीचा ‘जो मूर’ पुरस्कार त्यांनाच मिळाला. वेस्ट पॉइंट हे करतं, कारण तो मुलगा त्यांना उद्या सकाळी पुन्हा कामाला हवा असतो. बाकीच्या विद्यापीठांचं त्याच्याकडचं काम तेवढ्यावर संपलेलं असतं, म्हणून त्यांच्या बाबतीत ही गोष्ट नियमात लिहावी लागेल.